फटफटी : बदलावी की दुसरी घ्यावी?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पण हौसेचा हिशेब असतो, आणि तो कुणाला तरी, कधी ना कधी चुकता करावाच लागतो. आज ज्या हौसेविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत ती तरुणांची आहे. हिशेब बहुधा वडिलांच्या खिशातून चुकता होतो. तेव्हा हे भाषण दोघांनीही वाचावे, आणि जमल्यास एकत्र बसून वाचावे, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो.

मी अर्थशास्त्र शिकवतो. मोटारसायकलींशी माझा संबंध कॉलेजच्या स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्यांशी आणि त्यांच्यावर रेलून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांशी. पण तेवढ्या संबंधातूनही एक प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो : "सर, एक जुनी डर्ट बाइक स्वस्तात मिळतेय. दिवे, आरसे, इंडिकेटर बसवले की रस्त्यावर चालेल ना? का तेवढ्याच पैशांत दुसरी गाडी घेऊ?" प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. खरे पाहता त्यात यंत्र, कायदा आणि पैसा असे तिन्ही धागे गुंतलेले आहेत. ते एकेक करून सोडवू या.

प्रथम डर्ट बाइक म्हणजे काय ते पाहू. मातीचे उंचवटे, खड्डे, ओढे, चढ यांवरून उड्या मारीत जाण्यासाठी बनवलेली ही हलकी आणि उंच मोटारसायकल. तरुणांना तिची भूल का पडते, हे समजण्यासारखे आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या नव्या साखळी स्पर्धेची पहिली फेरी झाली. त्याच महिन्यात केरळच्या हरिथ नोआ याने जगप्रसिद्ध डाकार रॅलीत आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. हे पाहून एखाद्या मुलाच्या मनात काही हललेच नाही, तर तो मुलगा कसला!

आता ही गाडी रस्त्याच्या गाडीहून कुठे वेगळी, ते बघा. शर्यतीच्या खऱ्या मोटोक्रॉस गाडीला हेडलाइट नसतो, हॉर्न नसतो, आरसा नसतो, वेगमापक नसतो. मागे दुसऱ्या माणसाला बसायला जागा नसते, पाय ठेवायला आधार नसतो. पेट्रोलची टाकी सहा-सात लिटरची. सीटची उंची साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सदतीस इंच. सिग्नलला थांबल्यावर साधारण उंचीच्या आपल्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील तर शपथ!

"पण सर, दिवा तर बाजारात मिळतो." मिळतो खरा. पण दिव्याला वीज कोण देणार? यांतल्या पुष्कळ गाड्यांत इंजिनाबरोबर फिरणारे मॅग्नेटो ठिणगी पाडण्यापुरतीच वीज तयार करते. त्यावर हेडलाइट, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न यांचा भार टाकायचा तर आतली कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यावी लागते, रेग्युलेटर बसवावा लागतो, बॅटरीला जागा करावी लागते आणि सगळे वायरिंग नव्याने ओढावे लागते. म्हणजे दिवा दोनशे रुपयांचा असला, तरी त्याच्या मागचा बारदाना हजारोंचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी आपल्याकडे म्हण आहे ती काही उगीच नाही.

दुसरी गोष्ट गिअरची. मातीत झटकन ओढ मिळावी म्हणून या गाडीचे गिअर आखूड ठेवलेले असतात. महामार्गावर ती साठ-सत्तरच्या वेगातच जिवाच्या आकांताने ओरडू लागते. पुढचे-मागचे स्प्रॉकेट बदलून यावर थोडा उतारा करता येतो. तो सगळ्यांत सोपा बदल आहे. पण रस्त्याच्या गाडीच्या मागच्या चाकात ज्याला मेकॅनिक लोक ड्रम रबर म्हणतात, ते रबराचे ठोकळे असतात. गिअर बदलताना, ॲक्सिलरेटर सोडताना बसणारा झटका ते पोटात घेतात. शर्यतीच्या गाडीत वजन वाचवण्यासाठी ते ठेवलेलेच नसतात. मातीत चाक थोडे घसरते, त्यामुळे झटका विरून जातो. डांबराची पकड घट्ट असते, तिथे तोच झटका चेनमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत पोचतो.

तिसरी गोष्ट देखभालीची, आणि इथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर जागा होतो. रस्त्याच्या गाडीचे तेल आपण किलोमीटरच्या हिशेबाने बदलतो. काही हजार किलोमीटर निर्धास्त जातात. शर्यतीच्या गाडीचा हिशेब तासांवर असतो. काही गाड्यांत दहा ते पंधरा तास चालवल्यावर इंजिनातले तेल बदला, अशी कंपनीची सूचना असते. पिस्टनचे आयुष्यही तासांतच मोजलेले असते. आता समजा, तुमचे घर आणि कॉलेज यांतले अंतर येऊन-जाऊन दीड तासाचे आहे. दहा दिवसांत झाले पंधरा तास. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा तेलबदल! हा खर्च गाडी घेताना कुणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याला तो सांगायचा नसतो आणि घेणाऱ्याला तो ऐकायचा नसतो.

सगळ्याच डर्ट बाइक इतक्या नाजूक नसतात, हे कबूल केले पाहिजे. शिकाऊ माणसांसाठी बनवलेल्या सौम्य गाड्याही आहेत. कावासाकीची केएलएक्स १४० ही त्यांतलीच. तिचे इंजिन कष्टाळू आणि साधे. पण तीही आपल्या देशात रस्त्याबाहेरच्या वापरापुरतीच विकली गेली, आणि इथून आपण कायद्याच्या दारात येतो.

या बाबतीत पुष्कळांचा समज असा, की रस्त्यावर चालणारी गाडी म्हणजे जिला दिवे, हॉर्न, आरसा आणि नंबरप्लेट आहे ती गाडी. हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम लागू आहेत. त्यांची रीत अशी, की मान्यता आधी गाडीच्या नमुन्याला मिळते. कंपनी आपला नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडे पाठवते. ब्रेक, दिवे, आवाज, धूर सगळे तपासले जाते, आणि मग त्या नमुन्याच्या गाड्या विकायची मोकळीक मिळते. या तपासणीच्या संस्थांपैकी दोन तर आपल्या महाराष्ट्रातच आहेत : एक पुण्याची ए.आर.ए.आय., १९६६ साली स्थापन झालेली. आणि दुसरी अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था.

नवी गाडी घेतली की विक्रेता तुमच्या हातात दोन महत्त्वाचे कागद ठेवतो. नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला. नमुना २२ म्हणजे ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते व रस्त्यावर चालण्यास योग्य आहे, असा कंपनीचा दाखला. त्या आधारावर आर.टी.ओ.त पासिंग होते आणि नंबर मिळतो. केवळ मैदानासाठी विकलेल्या गाडीला कंपनी नमुना २२ देतच नाही. मग तुम्ही तिला दिवाळीच्या कंदिलासारखी दिव्यांनी सजवलीत तरी पासिंगच्या खिडकीपाशी तुमचा हात रिकामाच राहणार. गॅरेजवाला दिवा बसवू शकेल. तो कागद कोणत्याही गॅरेजात तयार होत नाही.

"तपासणी करून घेऊ की मग," असे कुणी म्हणेल. पण २०२० च्या १ एप्रिलपासून देशभर नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हा धुराचा नियम लागू आहे. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या मोटारसायकलींना २०१९ च्या एप्रिलपासून ए.बी.एस. ब्रेक सक्तीचे आहेत. २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट दिवसाही आपोआप पेटता राहिला पाहिजे. शिवाय मागे बसणाऱ्यासाठी हाताचा आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून निदान अर्धे चाक झाकणारा गार्ड हवा. शर्यतीच्या गाडीला साडीगार्ड! कल्पना करून पाहा. जे काम करण्यासाठी कंपनीचे अभियंते अनेक महिने खपतात, ते एका गाडीसाठी तुम्ही-आम्ही करणे हा व्यवहार नव्हे.

यावर एक पळवाट सांगितली जाते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. "भंगारात गेलेल्या एखाद्या मोटारसायकलचा नंबर आणि आर.सी. बुक घ्यायचं, नि ते या गाडीला लावायचं." आर.सी.वर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लिहिलेले असतात. ते जुळत नाहीत म्हटल्यावर ही नियमातली चूक राहत नाही, ती बनवेगिरी ठरते. वीस वर्षांच्या मुलाच्या नावावर फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला, तर पुढे नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी तो आडवा येतो. गाडी विकता येते. नोंदलेला गुन्हा विकता येत नाही.

आधीच नोंदलेल्या गाडीत मोठे बदल करण्याविषयीही कायदा कडक आहे. कंपनीने दिलेला तपशील आणि गाडीचे प्रत्यक्ष रूप यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असे कायद्याचे ५२ वे कलम सांगते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, अशी शिक्षा ठरवली. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवल्यास पहिल्या खेपेला दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला.

आता पालकांनी जरा कान द्यावा. लहान चणीच्या डर्ट बाइक दिसायला खेळण्यासारख्या असतात, आणि सोळा वर्षांचा मुलगा ती "जरा कोपऱ्यापर्यंत" नेतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, एवढी तरतूद आहे. कोपरा फार महाग पडतो.

पण दंड ही या प्रकरणातली सर्वांत लहान रक्कम आहे. मोठी रक्कम विम्यात दडलेली आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला निदान त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा हवा, असा कायदा आहे. नोंदणी नाही, तर रस्त्यावर चालेल असा विमा मिळत नाही. खोटा कागद दाखवून मिळवला, तर ऐनवेळी तो उपयोगी पडत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले, की नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा विम्याच्या कराराचाच मूलभूत भंग होय. त्या प्रकरणातली गाडी तर साधी, कंपनीतून आलेली होती; फक्त तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती. तरी मालकाला स्वतःच्या गाडीची भरपाई मिळाली नाही. मग आपल्या घरगुती प्रयोगाची काय कथा!

समजा, संध्याकाळची वेळ आहे. बाजाराहून परतणारा एखादा मजूर रस्ता ओलांडतो आहे. पाऊस नुकताच पडून गेला आहे. डर्ट बाइकच्या टायरवर रबराचे मोठमोठे दात असतात. चिखलात ते रुततात आणि पकड देतात. ओल्या डांबरावर मात्र दातांची टोकेच टेकतात, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात श्रावणात जो गेला आहे, त्याला ओला डांबरी उतार म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. धडक बसली आणि त्या मजुराचा पाय कायमचा अधू झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवील. विमा असता तर ती कंपनीने दिली असती. विमा नाही, म्हणून ती गाडीच्या मालकाकडून वसूल होईल. त्यासाठी शेत विकावे लागो, नाहीतर आईचे दागिने. आणि मालकाकडे काहीच नसेल तर? मग त्या मजुराच्या घरी चूल पेटणे कठीण. ज्याने ही गाडी कधी पाहिलीही नव्हती, त्याच्या मुलाबाळांनी आपल्या हौसेची किंमत मोजावी, हा कुठला न्याय?

कुणी विचारील, "मग परदेशातले लोक दिवे लावून या गाड्या रस्त्यावर आणतात, त्याचे चलच्चित्र आम्ही पाहतो ते कसे?" पाहता ते खरे आहे, फक्त ते तिकडचे आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. काही राज्यांत दिवे, हॉर्न, आरसा आणि रस्त्याचे टायर बसवून तपासणी करून घेतली की नंबर मिळू शकतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात धुराच्या नियमामुळे ती वाट बंद आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटारसायकलची तपासणी करून मान्यता देण्याची सोय आहे. आपले भाचे-पुतणे तिकडे असतील, तर त्यांनी आपल्या राज्याचा नियम पाहून जरूर करावे. आपल्याकडेही हौशी माणसाला परवडेल अशी एकेका गाडीच्या तपासणीची सोय असावी, असे मला स्वतःला वाटते. त्यासाठी मागणी करायलाही हरकत नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत आजचा कायदा पाळायचा असतो.

मग करायचे काय? अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा एक साधा नियम आहे : जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय पुढच्या खर्चाकडे आणि पुढच्या लाभाकडे पाहून घ्यावा. ज्याने डर्ट बाइक अजून घेतलेली नाही, त्याचे उत्तर सोपे आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर ती घेऊ नये. ज्याने घेतलेली आहे, तो म्हणतो, "एवढे लाख घातलेत, आता आणखी थोडे घालून रस्त्यावर आणतो." तिथेच गोची होते. आणखी घातलेले पैसे आधीचे पैसे परत आणीत नाहीत. उलट कापलेली, जोडलेली गाडी शर्यतवालाही घेत नाही आणि रस्त्यावालाही घेत नाही. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले!

अशा माणसापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, गाडी आहे तशीच ठेवावी आणि मैदानावरच चालवावी. सरावाच्या दिवशी छोटा हत्ती भाड्याने करावा, गाडी दोऱ्यांनी घट्ट बांधावी, मैदानावर जावे, पोटभर उड्या माराव्यात आणि तशीच परत आणावी. दोन-तीन मित्रांनी मिळून टेंपो केला तर भाडे वाटले जाते. दुसरा मार्ग, ती शर्यतीच्या माणसाला विकावी आणि त्या पैशांत नोंदलेली, दुहेरी वापराची मोटारसायकल घ्यावी.

अशा गाड्या आता आपल्याकडे मिळतात. २०११ साली हिरोची इम्पल्स आली तेव्हा ही जात आपल्याकडे नवखी होती. २०१६ साली रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली. २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली. पुढचे चाक एकवीस इंची, मागचे अठरा इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, टाकी तेरा लिटरची, आणि सोबत नंबर, विमा, गावोगावी मिळणारे सुटे भाग. २०२४ च्या डिसेंबरात कावासाकीने केएलएक्स २३० ही रस्त्यावर चालणारी बहीणही बाजारात आणली. यांतली एखादी जुनी, पण कागदपत्रे चोख असलेली गाडी पाहावी. घेताना चेसिस आणि इंजिन क्रमांक आर.सी.शी ताडून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते बघावे, विमा आपल्या नावावर करून घ्यावा, आणि ओळखीच्या मेकॅनिकला एक चहा पाजून गाडी त्याच्या हाताखालून घालावी.

या सगळ्यातून एक साधे सूत्र हाती लागते. रस्त्याची गाडी रानात नेता येते. रानातली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या शर्यतवाल्यांनी हेच केले. त्यांनी येझदी आणि यामाहा आर.एक्स. १०० यांसारख्या रस्त्याच्याच गाड्या मातीत उतरवल्या आणि मैदाने गाजवली. तुम्हीही नोंदलेली गाडी घ्या, इंजिनाखाली लोखंडी पत्र्याचे संरक्षण बसवा, हाताला गार्ड लावा, कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, पण थोडे खोल नक्षीचे टायर घाला. मडगार्ड, आरसा, सायलेन्सर आणि नंबरप्लेट यांना हात लावू नका. आणि जे पैसे वाचतील त्यांतून चांगले हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्या. खडकावर पडल्यावर हाड वाचवायला हेच उपयोगी पडतात. चकचकीत सायलेन्सर पडत नाही.

एवढे करून एखाद्या रविवारी पहाटे तुम्ही मावळातल्या, नाहीतर जव्हारकडच्या मातीच्या वाटेला लागलात, संध्याकाळी त्याच गाडीने शहरातून, पोलिसाच्या समोरून, सरळ मानेने घरी आलात, आणि दारात उभ्या असलेल्या आईला "आलो गं" म्हणालात, तर त्या हौसेला माझी ना नाही. उलट सोमवारी तासाला थोडी डुलकी लागली, तरी मी एकदा कानाडोळा करीन.